बंद पडली की बंद पाडली

पडणे आणि पाडणे यांत एका कान्याचा फरक आहे. मी वणीला शाळेत मराठी शिकवते, आणि हा काना समजावून सांगताना वर्षानुवर्षं फळ्यावर तीच दोन वाक्यं लिहीत आले आहे. आंबा पडला. मुलाने आंबा पाडला. पहिल्या वाक्यात कोणाचा काही दोष नाही, दुसऱ्यात कोणीतरी झाडाला दगड मारला आहे. आठवीतल्या मुलांना हे पहिल्या तासाला कळतं. माझ्या सख्ख्या भावाला, माझ्या वहिनीला आणि दोन तालुक्यांतल्या दोन मिस्त्र्यांना मात्र ते काही केल्या कळलं नाही. गाडी बंद पडते, असं मी सांगत होते. समोरचा प्रत्येक जण 'पाडते' असं ऐकत होता.

गाडी बाबांची. माझ्या जन्माच्याही आधी बनलेली, गोल पाठीची, फिकट पिस्त्याच्या रंगाची पेट्रोल गाडी. बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होते. कापसाचा पुंजका हातात घ्यायचा, त्याचा धागा चिमटीत ओढून पाहायचा आणि माल कोणत्या प्रतीचा ते सांगायचं, हे त्यांचं काम. वणीच्या खाणीतले एक साहेब बदली होऊन निघाले तेव्हा त्यांच्याकडून बाबांनी ही गाडी घेतली आणि हात-पाय धड होते तोवर दुसऱ्या कोणाला चालवू दिली नाही. मला मात्र त्यांनीच शिकवली, मी कॉलेजात असताना, केळापूरच्या बाजूच्या माळावर. पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. गाडी माझ्याकडे वणीला आली, बाबा भावाकडे केळापूरजवळच्या आमच्या गावी राहिले.

भाऊ माझ्याहून मोठा, शेती करतो. त्याच्याकडे स्वतःची उंच, नवी गाडी आहे. त्या गाडीत चढायला बाबांचे गुडघे वाकत नाहीत, आणि वाकले असते तरी कापूस, सोयाबीन, मजूर, बाजार यांतून त्याला बाबांना फिरवून आणायला वेळ कधी होता. या जुन्या गाडीचं दार रुंद आहे आणि पुढची सीट बाकासारखी एकसलग. बाबा आधी पाठमोरे बसतात, मग दोन्ही पाय हाताने उचलून आत घेतात. एक शनिवार आड, सकाळची शाळा सुटली की मी गावी जायची, त्यांना घेऊन वणीला यायची आणि रविवारी संध्याकाळच्या आत परत सोडायची. वणीला त्यांचा जिनिंगमधला जुना जोडीदार आहे. दोघं चहाच्या हॉटेलात तासन्‌तास बसतात आणि बंद पडलेल्या जिनिंगांच्या गोष्टी करतात. उरलेले सगळे दिवस बाबा गावी ओट्यावर, कोण कोण गेलं ते पावलांवरून ओळखत. गाडी गेली तर त्यांचं वणीला येणं संपणार होतं. हे मला ठाऊक होतं, भावाला ठाऊक होतं आणि बाबांनाही.

पोळा झाल्यावर काही दिवसांनी गाडीचं हे दुखणं सुरू झालं. वणीहून निघाले, मारेगाव मागे पडलं, रस्ता मोकळा होता, आणि इंजिनाने एकदम दोन-तीन गचके दिले. मी ॲक्सिलरेटर दाबला तर जोर येण्याऐवजी होता तोही गेला. कशीबशी कडेला घेईपर्यंत इंजिन गप्प झालं. चावी फिरवली तर स्टार्टर नुसता घुरघुरायचा. बॉनेट उघडलं, वायरी हलवून पाहिल्या, काही सुटलेलं दिसलं नाही. दहा-पंधरा मिनिटं झाडाखाली उभी राहिले, आणि पुन्हा चावी फिरवली तर गाडी अशी चालू झाली की जणू काही घडलंच नव्हतं. त्यानंतर ती कधी बंद पडायची, कधी पडायची नाही. वणीतल्या वणीत भाजीला, शाळेत नेली तर कधीच नाही.

असं दुखणं फार वाईट. ते दाखवताच येत नाही. पोरगं घरी तापाने फणफणतं आणि डॉक्टरच्या बाकावर बसलं की हसायला लागतं, तशातली गत. वणीला चंद्रपूर रोडवर एका मिस्त्र्याचं गॅरेज आहे. तो जास्त करून कोळशाच्या ट्रकांची कामं करतो, पण जुनी पेट्रोल गाडीही समजते असं ऐकलं होतं. मी गाडी घेऊन गेले. सगळं नीट सांगितलं. कुठे बंद पडते, आधी गचके कसे देते, थांबलं की कशी आपोआप चालू होते. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहत विचारलं, साहेब नाही आले का.

साहेब म्हणजे माझा नवरा. खाणीच्या ऑफिसातून रिटायर झालेला, स्वभावाने गरीब माणूस. त्याला मोटार चालवता येत नाही. स्कूटरसुद्धा तो फक्त ओळखीच्या रस्त्यावर काढतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला मुद्दाम बरोबर नेलं, म्हटलं काम तर होऊ दे. मिस्त्र्याने त्याला बॉनेटपाशी नेलं आणि कॉइल, कंडेन्सर, पॉइंट असं सगळं समजावून सांगितलं. नवरा मान हलवत होता. मी शेजारी उभी होते आणि मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही मिस्त्री नवऱ्याकडे बघूनच देत होता. घरी आल्यावर नवऱ्याने मला विचारलं, कॉइल म्हणजे कोणती गं? यात त्याची काय चूक. पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला. मिस्त्र्याने गाडी काढली, बसस्टँडपर्यंत चक्कर मारून आणली आणि चावी नवऱ्याच्या हातात दिली. म्हणाला, "फस्क्लास हाये गाडी. म्याडमले सांगा, चालवताना क्लचवर पाय नका ठेवत जाऊ." मी दीड हातावर उभी होते. मला सांगायचं तर मला सांग ना बाबा, मी काय भिंत आहे? आणि क्लचवर पाय ठेवल्याने क्लच झिजतो, इंजिन पंधरा मिनिटं मरून पुन्हा जिवंत होत नाही. एवढं मलाही कळत होतं. ते त्याला कळत नसेल असं मला वाटत नाही. पण बाई चालवते म्हटल्यावर त्याला पुढे शोधण्याची गरजच उरली नव्हती.

त्यानंतरच्या फेरीला बाबा गाडीत असताना ती बंद पडली. करंजी सोडून आम्ही मारेगावकडे येत होतो, चढ होता, आणि मागे कोळशाने भरलेला ट्रक लागलेला. गाडीने गचके दिले, मी डावीकडे घ्यायला गेले तर डावीकडे रस्त्याची कड तुटलेली. गाडी अर्धी डांबरावर, अर्धी खाली अशी उभी राहिली. ट्रकवाल्याने कर्कश हॉर्न देत इतक्या जवळून ट्रक काढला की कोळशाची बारीक कच काचेतून आमच्या अंगावर आली. ड्रायव्हरने काय शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही, पण तिच्यातही बाईचा उल्लेख होता. बाबांनी डॅशबोर्डला हात लावून ठेवला होता. त्यांना काही दिसत नव्हतं, फक्त तो आवाज. मी घाबरले होते हे कबूल करते. बाबाही घाबरले होते, गाडी चालू झाल्यावरही त्यांनी डॅशबोर्ड सोडला नाही.

ही गोष्ट बाबांनी घरी सांगितली. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा भाऊ ओट्यावर वाटच पाहत होता. त्याची काळजी खोटी नव्हती. त्या रस्त्यावर ट्रकखाली गेलेली माणसं आम्ही सगळ्यांनीच पाहिली आहेत. पण काळजीचा सूर असा नसतो.

"तुह्याच्यानं गाडी होत नाही, बाई," तो म्हणाला. "गाडीले काही झालं नाही. ते चालते चांगली, तूच बंद पाडते."

मी म्हटलं, भाऊ, पडते. पाडत नाही. तो म्हणाला, शाळा इथं नको घेऊ. मग त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. यवतमाळचा एक माणूस जुन्या गाड्या घेतो, त्यांचं छत कापून टाकतो, झेंडूच्या माळा लावतो आणि वरातीला भाड्याने देतो. कापलेल्या छतातून नवरदेव उभा राहून हात हलवतो. त्या माणसाशी भावाचं बोलणंही होऊन गेलेलं. पुन्हा एकदा, फक्त एकदा, बाबा आत असताना गाडी बंद पडली तर तो फोन लावणार होता. गाडीचे कागद बाबांच्याच नावावर, आणि बाबांचे सगळे कागद भाऊच पाहतो. बाबा खाटेवर बसलेले होते. ते काहीच बोलले नाहीत. त्यांना वाईट वाटत असणार, पण ज्या घरी राहतो त्या घरच्या कर्त्यापुढे बोलता येत नाही, अशी मी माझी समजूत घातली.

तेवढ्यावर थांबला असता तर एक वेळ चाललं असतं. त्याने माझ्याकडून चावी घेतली, एकटाच गाडीत बसला आणि पांढरकवड्याला जाऊन परत आला. दारात गाडी उभी करून इंजिन चालूच ठेवलं, आम्हा सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. वहिनी म्हणाली, असते बाई ज्याचा त्याचा हातगुण. मी सांगत राहिले की एवढ्या अंतरात ती माझ्याकडूनही कधी बंद पडत नाही, लांब चालवा मग बघा. कोणी ऐकलं नाही. वहिनीने समोरच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली, तीही मीच घरात कोणाच्या तरी नजरेची पीडा आणल्यासारखं तोंड करून.

दुसरा मिस्त्री पांढरकवड्याचा. वयाने मोठा, बोलायला मऊ. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि माझं अर्धं सांगून होतं न होतं तोच विचारलं, गाडी कोण चालवते. मी चालवते म्हटल्यावर त्याचा चेहरा एकदम उजळला. कोडं सुटलं होतं. बाईमाणसाचा पाय हलका असते, तो म्हणाला, पायाखालून ॲक्सिलेटर सुटते. तरी आला आहात तर बघतो म्हणून त्याने कार्बोरेटर उघडून साफ केला, आणि उन्हाने पेट्रोल नळीतच उकळत असेल म्हणून इंजिनातल्या पेट्रोल पंपावर ओलं पोतं गुंडाळून दिलं. आमच्याकडच्या उन्हात असं होतं, हे मलाही माहीत आहे. मी पाण्याचा कॅन घेऊन हिंडले, मध्येमध्ये थांबून पोतं भिजवत. मग एका सकाळी, पिकांवर दव होतं आणि मी अंगावर शाल घेतली होती, तरी ती मारेगावच्या पुढे बंद पडली. मी मिस्त्र्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, मग तुम्ही चोक ओढून ठेवला असन.

मला त्या वेळी सगळ्यात जास्त चीड कशाची आली असेल तर ती या प्रश्नाची. कोण? कोण चालवत होतं, कोणाचा पाय, कोणाचा हात. एकाही माणसाने केव्हा असं विचारलं नाही. वाक्यात कर्ता सापडला की यांचं वाक्य पूर्ण झालं. क्रिया कधी होते, कशानंतर होते, कशानंतर होत नाही, याची कोणाला गरजच नाही. वर्गात एखाद्या मुलाने असं अर्धवट उत्तर लिहिलं तर मी त्याला परत बसवते. यांना कुठे बसवणार? एक सांगते, माझ्या जागी भाऊ असता आणि त्याने सांगितलं असतं की गाडी बंद पडते, तर दोन्ही मिस्त्र्यांनी गाडीच्या टाकीपासून सायलेन्सरपर्यंत सगळं उघडून पाहिलं असतं. माझ्या बाबतीत त्यांनी मला उघडून पाहिलं आणि तिथेच थांबले.

त्याच संतापात मला उत्तर सापडलं. बाबांना आणायला मी निघाले होते आणि करंजीच्या अलीकडे गाडी पुन्हा बसली. आत बाबा नव्हते एवढंच नशीब. पण येताना ते असणार होते. नेहमी मी थांबून राहायची, गाडीची मर्जी होईपर्यंत. त्या दिवशी मला थांबवेना. पेट्रोलचा काटा बाबांच्या काळातच मेलेला, तेव्हा म्हटलं निदान पेट्रोल तरी आहे का ते बघू, उगाच त्यातही माझीच चूक निघायची. बाजूच्या कुंपणातून एक वाळकी तुराटी मोडून घेतली आणि मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवलं. झाकण फिरेना. पदर गुंडाळून जोर लावला तेव्हा ते सुटलं, आणि सुटता सुटता टाकीने मोठ्याने हवा आत ओढली. लांब, चांगला ऐकू येईल असा आवाज. पाण्याखालून वर आलेलं माणूस श्वास घेतं तसा. तुराटी बुडवून पाहिली तर पेट्रोल भरपूर. मी झाकण लावलं, सीटवर येऊन बसले, चावी फिरवली, आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

पंधरा मिनिटं थांबले नव्हते. बॉनेटला हात लावला नव्हता. मी इंजिन चालू ठेवून तशीच बसून राहिले आणि मागच्या फेऱ्या आठवू लागले. करंजीच्या पंपावर पेट्रोल भरलं की तिथून पुढे गाडी लगेच कधीच बंद पडली नव्हती. पंपावर झाकण उघडतात. बंद पडायची ती झाकण न उघडता लांबवर आल्यावरच. आणि मग मला घरचा तेलाचा डबा आठवला. नव्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल जरा वेळ येतं, मग डबा गुटगुट करतो आणि धार तुटते. म्हणून समोरासमोर दुसरं भोक पाडायचं, हवा जायला. हे आमच्याकडे कोणत्या बाईला माहीत नाही? टाकीतून पेट्रोल बाहेर जात होतं, त्याच्या जागी हवा आत जात नव्हती. बिचारा इंजिनातला पंप ओढून ओढून थकत होता, आणि थांबलं की कुठल्यातरी फटीतून हळूहळू हवा शिरून गाडी पुन्हा चालू होत होती.

कोणाला लगेच सांगितलं नाही. सांगून ऐकणार कोण. त्या दिवशी झाकण सैल ठेवून बाबांना आणलं आणि सोडलं. मग शाळेला सुटी होती त्या दिवशी एकटी निघाले. आधी झाकण सैल ठेवून थेट करंजी गाठली आणि परत वणीला आले. गाडी एकदाही अडखळली नाही. मग झाकण घट्ट आवळलं आणि त्याच रस्त्याने पुन्हा गेले. मारेगाव सोडलं, आणि आले ते गचके. गाडी कडेला घेऊन उभी केली आणि मी एकटीच मोठ्याने हसले. सगळे म्हणत होते ते मी अखेर केलं होतं. ठरवून, कशाने होतं ते माहीत असताना, गाडी बंद पाडली होती. उतरले, झाकण सैल केलं, टाकीने श्वास घेतला, गाडी चालू झाली. आता माझ्याकडे पुरावा होता.

झाकण हातात घेऊन नीट पाहिलं. असल्या झाकणाला हवेसाठी कुठेतरी बारीक भोक ठेवलेलं असणारच. वरून काही दिसेना, कारण वर लाल रंगाचा जाड थर होता. तो रंग मी वर्षानुवर्षं पाहत होते म्हणूनच माझ्या कधी लक्षात आला नव्हता. माझ्या पर्समध्ये वर्गात काढून घेतलेलं एक कर्कटक पडलेलं होतं. त्याच्या टोकाने मधोमध खरवडायला लागले. लाल पापुद्रा निघाला, मग आणखी एक जाड लाल थर, त्याखाली झाकणाचा मूळ पिस्त्याचा रंग दिसला, आणि तिथे टोक आत गेलं. भोक मोहरीएवढंही नव्हतं. आरपार उजेड दिसला तेव्हा मी ते झाकण डोळ्याला लावून बराच वेळ रस्त्याकडे पाहिलं.

हा रंग बैलांचा. आमच्या घरी पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की डबीत उरलेला रंग बाबा गाडीला लावतात. मी लहान असल्यापासून. गाडीने आपल्याला बैलासारखं वाहिलं, तिचाही मान झाला पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. गाडीला शिंगं नाहीत, हॉर्न आहे तो आवाजापुरता, तेव्हा अंगावर वर उठून आलेलं म्हणून टाकीचं झाकण. आधी ते काडीने कडेकडेने एक रेघ ओढायचे, मधलं भोक सांभाळून. नजर गेल्यावरचा यंदाचा हा पहिलाच पोळा. मी गाडी घेऊन पोळ्याला गेले होते. बाबांनी बैलांची शिंगं चाचपून बोटांनी रंगवली, मग मला म्हणाले गाडीजवळ ने. मीच त्यांचा हात धरून नेला होता. त्यांनी झाकण चाचपलं आणि उरलेला सगळा रंग त्यावर प्रेमाने माखला.

शनिवारी गावी गेले. भाऊ, वहिनी, बाबा तिघंही अंगणात होते. मी झाकण काढून भावाच्या हातात दिलं, भोक दाखवलं, रंगाचे पापुद्रे कागदात बांधून नेले होते ते दाखवले, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. वहिनीला तेलाच्या डब्याचं सांगितल्याबरोबर पटलं. भावाने झाकणाला तोंड लावून फुंकून पाहिलं. त्याला कळायला वेळ लागला नाही, तो हुशार आहे. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"म्हंजे बाबाच होय," तो म्हणाला.

आणि सगळे हसायला लागले. वहिनी पदराने तोंड झाकून हसली. बाबाही ओशाळून हसले आणि म्हणाले, मले काय दिसते बाप्पा आता. भाऊ त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला की जाऊ द्या, तुमच्या हातून झालं, नजर नाही तर होतेच असं. वहिनी चहा टाकायला उठली. सगळ्यांना इतकं हलकं वाटत होतं, एखादी गमतीची गोष्ट घडल्यासारखं.

मी उभीच होते. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. तुमच्या हातून झालं. बाबांच्या वाट्याला हे वाक्य आलं, ज्यात करणारा कोणी नाही, नुसतं होणं आहे. माझ्या वाट्याला इतके दिवस कोणतं वाक्य होतं? बाबांवर दोष यावा असं मला मुळीच वाटत नव्हतं. ते नजर नसलेले म्हातारे, त्यांनी प्रेमाने केलं. पण ही माया आधी, काही माहीत नसताना, माझ्या वाट्याला का आली नाही? माझ्या बाबतीत तर हातून काही झालंही नव्हतं.

मी म्हटलं, "बाबाच्या हातून झालं, अन्‌ मी पाडत होती?"

भाऊ म्हणाला, "अवं तसं नाही व. मनावर कायले घेतं? गाडी झाली ना चांगली?" यवतमाळच्या माणसाला आता फोन लावणार नाही, असंही त्याने सांगितलं. आमच्या घरात माफी म्हणतात ती हीच. लिंबू-मिरची तेवढी मी स्वतः सोडून फेकली. वहिनीने ते पाहिलं आणि चहात साखर जास्त घातली. वणीच्या मिस्त्र्यालाही पुढे नवऱ्याने जाऊन सांगितलं. तर तो म्हणाला म्हणे, साहेब, तुम्ही बरोबर शोधून काढलं.

चहा झाल्यावर बाबांना गाडीत बसवलं. करंजी गेली, तो चढ आला, मागे ट्रक होते, गाडी न अडखळता चढून गेली. माझा राग अजून उतरला नव्हता, पण निदान या गाडीत आपल्या बाजूचं एक माणूस बसलं आहे असं वाटत होतं. म्हणून मी सहज विचारल्यासारखं विचारलं. भाऊ बोलत होता, सगळे बोलत होते, तेव्हा तुम्ही एक शब्द काहून नाही बोलले?

बाबांनी तोंड खिडकीकडे केलं. काच खाली होती, वारा त्यांच्या तोंडावर येत होता.

"मलेही वाटे माय, तूच पाडते म्हनून," ते म्हणाले.

लबाडी त्यांना कधी जमली नाही. मी गाडी चालवत राहिले, कारण त्या रस्त्यावर दुसरं काही करता येत नाही. मग विचारलं, तसं वाटत होतं तर माझ्या गाडीत बसत काहून होते? त्या दिवशी तो ट्रक इतक्या जवळून गेला, त्यानंतरही बसले.

"तं काय करू?" बाबा म्हणाले. "दुसरं कोन नेते मले?"

वणीला पोचल्यावर त्यांना हॉटेलच्या दाराशी उतरवलं, जोडीदाराच्या हातात त्यांचा हात दिला आणि गाडीत येऊन बसून राहिले. एक शनिवार आड मी अजूनही त्यांना आणायला जाते. राग मात्र तसाच आहे.